शेलबर्नची विपश्यना: अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आई-बाबांनी जावं का?

आधी पैशांचं. उभी नोकरी कोषागारात गेली, त्यामुळे कुठलीही जाहिरात मी खालच्या बारीक अक्षरांपासून वाचते. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिमेला शेलबर्न नावाचं गाव आहे. तिथे सत्यनारायण गोयंका गुरुजींच्या परंपरेतलं 'धम्म धरा' हे विपश्यनेचं, म्हणजे मौन पाळून करायच्या ध्यानाचं, केंद्र आहे, १९८२ सालचं, उत्तर अमेरिकेतलं पहिलं. दहा दिवसांचा निवासी कोर्स, राहणं-खाणं-शिकवणं धरून, फुकट. अर्ज भरताना कार्डाचा नंबर मागत नाहीत. इतकंच काय, तुम्ही नवीन असाल तर कोर्स पुरा होईपर्यंत पैसे देऊ केलेत तरी घेत नाहीत. निदान एक कोर्स पूर्ण केलेल्याचंच दान चालतं आणि ते पुढे येणाऱ्यांच्या खर्चाला जातं. किती द्यायचं, हा आकडा कुठे लिहिलेला नाही. स्वयंपाकघरात राबणारे, बाथरूम धुणारे, वर्ग घेणारे सहायक आचार्य, कोणालाच पगार नाही.

आपल्याकडच्या माणसाला याचं फार नवल वाटणार नाही. अन्नछत्रं आपण पाहिलीत, वारीच्या वाटेवर भाकऱ्या वाटणारी गावं पाहिलीत. अमेरिकेत मात्र हे नवलच आहे, कारण इथे ध्यान विकलं जातं. माझी लेक वुस्टरला राहते. तिच्या कंपनीने सगळ्या नोकरदारांना ध्यानाचं एक ॲप देऊन ठेवलंय. रोज दहा मिनिटं डोळे मिटायचे, मग ते ॲप सांगतं की सलग इतके दिवस झाले, उद्या चुकवू नका. एक दिवस चुकला की आकडा पुन्हा एकवर. लेक रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्या पडल्या ते उरकते. "आई, स्ट्रीक तुटेल ना!" ताण घालवायला दिलेल्या वस्तूचा ताण. बागकामाच्या दुकानात गेलं तर कुंड्यांच्या शेजारी बुद्धाच्या मूर्ती मांडलेल्या, किमतीच्या चिठ्ठीसकट. तेव्हा शेलबर्नला जाताना माझ्या मनात शंका होती की तिथेही असंच काही गोड, मऊ करून ठेवलेलं असेल. तसं ते नाही. उलट आपल्या इगतपुरीच्या विपश्यना केंद्रापेक्षा काकणभर जास्तच कडक निघालं.

इगतपुरीचा कोर्स मी नोकरीत असताना केला होता. विपश्यनेसाठी रजा देणारा जीआर आहे आपल्या सरकारचा, बऱ्याच कर्मचाऱ्यांना तो ठाऊकच नसतो. म्हणून मी शेलबर्नला गेले ती 'जुनी साधक' म्हणून, आणि तुलना आपोआपच होत गेली.

थोडा इतिहास सांगते, कारण तो मला या खेपेलाच नीट जुळवता आला. ही परंपरा बर्मातली. गोयंका गुरुजी मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी, डोकेदुखीने हैराण होऊन सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन कोण, तर स्वतंत्र बर्माचे पहिले अकाउंटंट जनरल! सरकारी हिशेब खात्यातला माणूस. त्यांनी आपल्या कार्यालयातच साधनेचा वर्ग सुरू केला होता. (आमच्या कोषागारात दुपारी साडेतीननंतर लोक डोळे मिटून बसायचे, पण ते वेगळं.) १९६९ मध्ये गुरुजी भारतात आले, पहिलं शिबिर मुंबईत झालं, १९७६ मध्ये इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली. आणि त्याच १९७६ मध्ये इकडे मॅसॅच्युसेट्सच्या बॅरी गावात 'इनसाइट मेडिटेशन सोसायटी'चं दार उघडलं. ते उघडणाऱ्यांत जोसेफ गोल्डस्टीन आणि शॅरन साल्झबर्ग होते, आणि हे दोघे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बोधगयेत गुरुजींच्या शिबिरात बसलेले. पुढे १९७९ मध्ये वुस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी दुखण्याने गांजलेल्या रुग्णांसाठी ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला. 'माइंडफुलनेस' हा शब्द आज ऑफिसाऑफिसांत ऐकू येतो, त्यात त्या अभ्यासक्रमाचा मोठा वाटा. पायापासून डोक्यापर्यंत शरीरभर लक्ष फिरवण्याची त्यातली रीत विपश्यना केलेल्याला लगेच ओळखीची वाटेल. वुस्टर, बॅरी, शेलबर्न, तिन्ही ठिकाणं गाडीने एका दिवसात बघून होतील एवढ्या अंतरात. म्हणजे लेकीच्या फोनमधलं ते ॲप आणि आमची इगतपुरी यांचं दूरचं नातं निघतं. फक्त एका बाजूने शील गळलं, मग बुद्ध गळला, आणि शेवटी दहा मिनिटं उरली.

शेलबर्नला काहीच गळलेलं नाही. पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा बैठक. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नवीन साधकांना फळं आणि चहा, जुन्यांना लिंबूपाणी. बारा वाजल्यानंतर आमच्यासारख्यांना अन्न नाही. सगळं मिळून दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बसणं. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवसापासून विपश्यना, म्हणजे शरीरावरच्या संवेदना समतेने बघणं, आणि त्यानंतर दिवसातून तीन वेळा तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता अधिष्ठान. फोन पहिल्याच दिवशी काढून घेतात. वही-पेन नाही, पुस्तक नाही, जपमाळ नाही, देवाचा फोटोही नाही. बोलणं दहाव्या दिवसापर्यंत बंद, खुणा करणं आणि नजरेला नजर देणंसुद्धा बंद.

हे शेवटचं अमेरिकन बायकांनी असं काही पाळलं की बघत राहावं. इगतपुरीला मौन होतं, पण टॉवेल वाळत घालताना कोणीतरी डोळ्यांनीच 'चिमटा हवा का?' विचारायची, पाय लचकला तर शेजारीण हळूच हात धरायची. इथे बाई दार धरून तुमच्यासाठी थांबते, पण जमिनीकडे बघत. तुम्ही आत गेलात की दार सोडते आणि निघून जाते. पहिले दोन दिवस मला ते तुसडेपणाचं वाटलं. नंतर बरं वाटायला लागलं. कोणाचं तोंड बघून आपलं तोंड नीट करायला लागत नाही, ही सोय मला आयुष्यात क्वचितच मिळालीय.

हॉलमध्ये माझ्या पुढे एक बाई बसायची. लोकरीची करडी टोपी, वय तिशीच्या आसपास. जन्मात मांडी घातलेली नसावी. पहिल्या दिवशी एक चौकोनी गादी आणि एक उशी. दुसऱ्या दिवशी दोन्ही गुडघ्यांखाली एकेक छोटी उशी आली. तिसऱ्या दिवशी घोट्यांखाली घडी घातलेलं ब्लँकेट, चौथ्या दिवशी पाठीला टेकवायचं आसन. पाचव्या दिवसापर्यंत तिच्याभोवती असा काही डोलारा उभा राहिला की ती त्यात कुठून शिरते हे बघण्यात माझं चित्त जायला लागलं. सहाव्या दिवशी सकाळी तिने एकेक करून सगळं मागच्या कपाटात नेऊन ठेवलं आणि लाकडाच्या बुटक्या बैठकीवर वज्रासनात बसली. तासभर हलली नाही. मी खुर्चीवर होते. पन्नाशी ओलांडलेल्यांनी खुर्ची मागायला अजिबात लाजू नये, मागितली की मिळते.

आता शिकवण्याबद्दल. शिकवणारा आवाज इथेही गुरुजींचाच, ध्वनिमुद्रित. रोज संध्याकाळचं प्रवचन व्हिडिओवर, तेही १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केंद्रात इंग्रजीत चित्रित केलेलं. अर्जात भाषा विचारतात. मी मुद्दाम इंग्रजी लिहिलं, कारण ही माणसं काय ऐकतात ते मला ऐकायचं होतं. शब्द बरेचसे तेच, गोष्टीही त्याच. पण हॉल वेगळा असला की चिमटा वेगळ्या ठिकाणी बसतो. इगतपुरीला गुरुजी कर्मकांडावर बोलायला लागले, नवस, गंडेदोरे, पंथाचा अभिमान, की माना खाली जायच्या. पुनर्जन्माचं बोलले तर कोणाची पापणी हलायची नाही. शेलबर्नला नेमकं उलटं. कर्मकांडाच्या गोष्टींवर मोकळं हसू, कारण ते आपलं नाहीच अशी खात्री. पण पंचशीलातलं पाचवं आलं, कुठलाही मादक पदार्थ नको, थोडासाही नको, की हॉल चिडीचूप. रात्रीच्या जेवणाबरोबर वाइनचा एक पेला म्हणजे व्यसन, हे तिथे कोणी त्यांना याआधी सांगितलेलं नसणार. आणि पुनर्जन्माच्या दिवशी इतकी चुळबुळ, की आपल्या खुर्चीचा आवाज होत नाहीये ना हे मी तपासून पाहिलं.

मला हेच या कोर्सचं सगळ्यात मोठं मोल वाटतं. गुरुजींनी पश्चिमेसाठी वेगळी, सोपी आवृत्ती काढली नाही. आपल्याला जे सहज पचतं ते त्यांच्या घशात अडकतं, आणि त्यांना जे पचतं ते आपल्या. ॲपवाल्यांनी हे अडकणारं सगळं आधीच वेचून बाजूला काढलेलं असतं.

आणखी एक. पहाटेच्या बैठकीच्या शेवटी गुरुजींचं पाली पठण लागतं, अधूनमधून हिंदी दोहे. बाहेर ऑक्टोबर संपतानाचा काळोख, गवतावर दहिवर गोठलेलं, आणि आत हॉलभर गोऱ्या माणसांवरून राजस्थानी वळणाची हिंदी वाहतेय. सुरुवातीला मला भरून आलं, खरं सांगते. पण मग लक्षात आलं की मी साधना सोडून दोहे ऐकत बसलेय. अर्थ कळतो ना! पुढची ओळ काय येणार याची वाट बघत बसायचं, आवडला की मान डोलवायची. शेजारणींना एक अक्षर कळत नव्हतं, त्या आपल्या नाकपुडीशी श्वास बघत बसल्या होत्या. दहाव्या दिवशी बोलणं सुरू झाल्यावर एकीने मला विचारलं, "शेवटी त्यांचा आवाज तसा घरघरत का खाली जातो? मला वाटलं रेकॉर्ड खराब झालीय." दुसरीला पहिले तीन दिवस त्या आवाजाचा राग यायचा, चौथ्या दिवसापासून त्याची वाट बघायला लागली, कारण तो सुरू झाला की बैठक संपत आली म्हणून समजायचं. शेवटी 'भवतु सब्ब मंगलं' झालं की जुने साधक तीनदा साधु म्हणतात. नवीन लोक आधी इकडेतिकडे बघतात, मग काही जण पुटपुटतात, काही जण ठाम गप्प. कोणी कोणावर सक्ती करत नाही.

व्हिडिओत गुरुजींच्या शेजारी माताजी बसलेल्या असतात, इलायचीदेवी. दहाही दिवस एक शब्द बोलत नाहीत. अमेरिकन बायकांना हे फार खुपलं. "त्या का बोलत नाहीत? त्यांना बोलू देत नाहीत का?" मी म्हटलं, आमच्याकडे अशा कितीतरी बायका स्टेजवर बसतात, त्यातल्या निम्म्यांना खरंच बोलायचं नसतं आणि निम्म्यांना कोणी विचारलेलं नसतं. माताजी कुठल्या निम्म्यातल्या ते व्हिडिओवरून सांगता येत नाही. हे उत्तर विचारणारीला पटलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही.

जेवण शाकाहारी, ताजं, भरपूर आणि आपल्या जिभेला सपक. सकाळी ओट्सची लापशी, उकडलेले सुके आलुबुखार, टोस्ट, शेंगदाण्याचं लोणी. दुपारी मसुराचं सूप, लाल तांदळाचा भात, टोफू, कच्च्या पानांचा डोंगर आणि त्यावर तिळाची पातळ चटणी, जिला ताहिनी म्हणतात. ती मात्र झकास. आलुबुखारांना हसू नका, दहा दिवस बसून राहिल्यावर त्यांचं महत्त्व कळतं. इगतपुरीला पाच वाजता नवीन साधकांना मुरमुरे मिळायचे, त्यांची आठवण आली. लोणच्याची बाटली बॅगेत घालून नेऊ नका, बाहेरचं खाणं चालत नाही. थंडीचे कपडे आपल्या अंदाजाच्या दुप्पट घ्या. कपडे सैल हवेत, लेगिंग चालत नाही. जमत असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा, मेपलची झाडं लालभडक होतात. मात्र फिरायचं ते पायवाटेवरच, उंच गवतात शिरायचं नाही. या भागात हरणांवरची गोचीड चावून लाइम नावाचा रोग होतो. लेकीने मला निघताना हे दहादा बजावलं आणि ते बरोबरच आहे.

आता आक्षेप. पहिला असा की सगळं शिक्षण ध्वनिफितीत गोठलेलं आहे. गुरुजी २०१३ मध्ये गेले. सहायक आचार्य दुपारी जेवणानंतर भेटतात, पण पद्धतीपलीकडचं फारसं बोलत नाहीत. अडलंय ते अनित्य आहे, समतेने बघा, झालं. ज्याला शंका काढत काढत शिकायची सवय आहे त्याची घुसमट होईल. यामागे विचार आहे हे मला कळतं, प्रत्येक आचार्य आपापली भर घालू लागला तर मूळ शिकवण किती पिढ्या टिकेल? तरी तीस वर्षांपूर्वीच्या उत्तरात आजचा प्रश्न बसतोच असं नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. हे सगळ्यांनी करण्यासारखं नाही. अर्जात मानसिक आजार, औषधं, पूर्वीचे उपचार याबद्दल स्पष्ट विचारतात. ते खरं लिहा. आपल्याकडे 'डिप्रेशनच्या गोळ्या' हे लपवायची रीत आहे, इथे लपवलंत तर त्रास तुम्हालाच. दहा दिवस अबोल बसल्यावर आतून काय वर येईल याचा नेम नसतो. शेजारच्या ऱ्होड आयलंडमधल्या ब्राउन विद्यापीठात विलोबी ब्रिटन यांनी ध्यान करणाऱ्यांना येणाऱ्या अडचणींवर बरीच वर्षं संशोधन केलंय. झोप उडणं, भीती दाटणं, स्वतःपासून तुटल्यासारखं होणं, अशा तक्रारी २०१७ च्या त्यांच्या अभ्यासात तपशिलाने आल्यात. चालू औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. मधुमेह असेल तर दुपारनंतर न खाण्याबद्दल आधीच लिहून विचारा.

तिसरा आक्षेप माझा नाही, माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा. तिच्या घरच्यांनी १९५६ मध्ये १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा घेतलेली. मी इगतपुरीहून आले तेव्हा ती म्हणाली होती, "तुमच्या शिबिरात प्रत्येक जण आपापलं दुःख धुतो. आमच्या बाबासाहेबांना सगळ्या समाजाचं धुवायचं होतं." शेलबर्नला हे वाक्य मला अधिकच टोचलं. दहाव्या दिवशी एका नर्सबाईंशी छान गप्पा झाल्या. व्हरमाँटच्या, मरणाच्या दारातल्या रुग्णांची सेवा करतात. बोधगया माहीत, तिबेट माहीत, दलाई लामांना ऐकलेलं. पण भारतात बौद्ध कधीच संपले असं त्यांना वाटत होतं. मी दीक्षाभूमीचं सांगितलं, लाखो माणसांनी एका दिवशी एकाच मैदानावर घेतलेली दीक्षा, ती देणारा माणूस देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार आणि कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, म्हणजे इथून तीन-चार तासांवर. बाईंनी दानाच्या पावतीच्या मागे 'आंबेडकर' हे नाव माझ्याकडून अक्षरं विचारून लिहून घेतलं. यात केंद्राचा दोष नाही. मी बौद्ध धर्म नव्हे, साधनेची पद्धत शिकवतो, असं गुरुजी पहिल्यापासून सांगतात. पण पश्चिमेत बुद्ध बहुतेकदा शांत झोप लागण्यासाठी येतो, आणि त्याने कोणाची झोप उडवलीही होती हे तिथे कोणी सांगत नाही.

तर कोणी जावं? सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलांकडे आलेले, नातवंडं शाळेत आणि मुलगा-सून कामावर गेल्यावर खिडकीतून रिकामा रस्ता बघत बसणारे, तब्येतीने धडधाकट आई-बाबा यांनी जरूर जावं. घरात तसंही दिवसभर मौनच असतं, इथे निदान त्याचं काहीतरी होतं. नवरा-बायको दोघं एकाच कोर्सला गेलात तर दहा दिवस भेट नाही, स्त्री-पुरुषांचं राहणं, जेवण, फिरणं सगळं वेगळं. काही जोडप्यांना हेही आकर्षण वाटू शकेल. गुडघ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, घरात ताजं दुःख घडलं असेल किंवा मुलाने बळेच पाठवलं असेल, तर नको.

अर्ज dhamma.org या संकेतस्थळावर भरायचा, आणि तोही बराच आधी, जागा भराभर भरतात. प्रतीक्षा यादीत नाव लागलं तरी धीर सोडू नका, ऐनवेळी गळणारे बरेच असतात. अकराव्या दिवशी सकाळी नाश्ता आणि साफसफाई झाली की मोकळं होता. घ्यायला येणाऱ्याला थोडं उशिराच बोलवा, म्हणजे खोली झाडून निवांत निघता येईल. परतताना शेलबर्न फॉल्सला थांबा. डिअरफील्ड नदीवर ट्रामचा एक जुना पूल आहे, ट्राम बंद पडल्यावर गावाने १९२९ पासून त्यावर फुलझाडं लावलीत. जवळच कॉफी मिळते, दहा दिवसांनंतर ती भलतीच कडक लागते.

आमच्या ह्यांनीही आता अर्ज भरायला घेतलाय. नाव, वय, औषधं इथपर्यंत सुरळीत गेलं. नियमावलीत दहा दिवस वर्तमानपत्र नाही हे वाचलं, आणि गाडी सध्या तिथेच अडली आहे.